पोदेर आला की काय बोलावं: पोराला बोलतं कसं करावं

सकाळी पोदेर, म्हणजे गोव्यातला पाववाला, सायकलवरून 'पों पों' करत येतो आणि दीड वर्षाचं पोर दाराकडे धावतं. बोलणं शिकवायला याहून चांगली वेळ नाही.

सुरुवात ओठांच्या शब्दांनी करा. प, ब, म हे आवाज ओठ मिटून उघडले की निघतात आणि ते बाळाला डोळ्यांनीही दिसतात. म्हणून 'पाव', 'बाबा', 'मामा' लवकर जमतात. 'केळं'मधल्या ळसाठी मात्र जीभ मागे वळवावी लागते. तिसऱ्या वर्षीही 'केयं' ऐकू आलं तर हसू नका, दटावू नका. "हो, केळं. पिकलेलं केळं," एवढंच म्हणा.

मग थांबायला शिका. खरी कसोटी इथे, आणि ती मोठ्यांची. आपण 'पाव म्हण, पाव म्हण' असा धोशा लावतो, पोर ओठ घट्ट मिटून बसतं. त्यापेक्षा हॉर्न वाजला की त्याच्यासमोर उकिडवे बसा, "कोण आलं?" विचारा आणि मनात पाचपर्यंत मोजा. त्याने बोट दाखवलं, 'पों' केलं, नुसता हुंकार दिला तरी ते उत्तरच. मग तुम्ही म्हणा, "पोदेर आला." ते 'पाव' म्हणालं तर तुम्ही 'गरम पाव' म्हणा, त्याच्यापेक्षा एकच शब्द पुढे राहा. सात-आठ महिन्यांच्या बाळाशी 'बाबाबा'चीही अशीच देवाणघेवाण चालते.

घरातली एखादी भाषा बंद करू नका. आजी मराठीत, शेजारीण कोंकणीत बोलते म्हणून पोर मागे पडलं, असं आपल्याकडे सर्रास म्हणतात. ते खरं नाही. शब्द मोजताना 'पाणी' आणि 'उदक' दोन्ही धरा. 1984 मध्ये जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी दाखवलं की इंग्रजी घरातली सहा-आठ महिन्यांची बाळं हिंदीतल्या त-टमधला फरक ओळखतात, पण वर्षाची होईतो ती जाण ओसरते. जी भाषा हवी ती लवकर कानावर पडू द्या.

पुढे कधी 'मी करलं' ऐकाल. खूश व्हा! घरात कुणी असं बोलत नाही. 'बसलं', 'धरलं' ऐकून नियम पोराने स्वतःच काढला.

जीभ सुटावी म्हणून वेखंड मधात उगाळून चाटवतात. वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊच नका, त्यातून बॉट्युलिझम ही गंभीर विषबाधा होऊ शकते.

दहाव्या महिन्यापर्यंत 'बाबाबा' नाही, दीड वर्षापर्यंत एकही शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'पाव दे'सारखी जोडणी नाही, किंवा आलेले शब्द गेले, तर आधी कान तपासून घ्या. बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात कान-नाक-घसा विभाग आहे. "त्याचा बापूससुद्धा तिसऱ्या वर्षीच बोलला," असं सासूबाई म्हणतील. ऐकून घ्या, आणि तरीही जाऊन या.