पंप उघडायच्या आधी सक्शन पाहा

पंप पाणी देत नाही म्हटलं की आपला पहिला हात पान्याकडे जातो, अन् केसिंग (पंपाचं कवच) उघडून इम्पेलर (आतलं फिरणारं चाक) बाहेर काढला की तो चांगलाच निघतो. नागपूरजवळ बुटीबोरीत एका मे महिन्यात मीही हेच केलं. हॉट वेलचा (कारखान्यातलं गरम पाणी जमा होणाऱ्या टाकीचा) पंप दुपारी प्रेशर सोडून द्यायचा अन् रात्री पुन्हा नीट चालायचा, दोनदा उघडला, काही सापडलं नाही. तिसऱ्या दिवशी आमचे जुने फिटर म्हणाले, "बाबू, उघडू नको, आधी ऐक." मोटर अन् पंप जोडणाऱ्या कपलिंगपासून लांब, केसिंगला स्क्रूड्रायव्हर टेकवून दांडा कानाला लावला तर आत गिट्टी फिरून राहिली असा आवाज.

ते कॅव्हिटेशन होतं. सक्शनला, म्हणजे पंप पाणी ओढतो त्या बाजूला, दाब फार कमी झाला की पाणी तिथेच उकळायला लागतं, वाफेचे बुडबुडे इम्पेलरमध्ये पुढे जाऊन फुटतात अन् धातू खातात. पाणी जितकं गरम तितकं हे लवकर होतं, 25 डिग्रीच्या पाण्याचा बाष्पदाब (पाण्याच्या उंचीत मोजला तर) साधारण 0.3 मीटर असतो, 45 डिग्रीला तो जवळपास 1 मीटर होतो. म्हणजे नागपूरच्या उन्हाळ्यात सक्शनची अर्ध्या मीटरहून जास्त गुंजाईश नुसत्या उष्णतेनेच गेली, त्यात संपची (पंप जिथून पाणी ओढतो त्या टाकीची) लेव्हल उतरलेली अन् स्ट्रेनरमध्ये (सक्शनच्या गाळणीत) शेवाळ आणि कूलिंग टॉवरच्या फिलचे (पाणी पसरवणाऱ्या आतल्या थरांचे) तुकडे अडकलेले. रात्री पाणी थंड झालं की पंप सावरायचा.

खात्री करायची असेल तर डिलिव्हरी व्हॉल्व्ह (पाणी बाहेर जातं तिकडचा) थोडा दाबा, म्हणजे थोडा बंद करा, आवाज कमी झाला तर बहुतेक कॅव्हिटेशनच. सक्शन व्हॉल्व्ह मात्र कधीच दाबू नका, तो पूर्ण उघडाच पाहिजे.

संपातून पाणी ओढणारा पंप असेल तर सक्शनला व्हॅक्यूम गेज लावाच, इतकी स्वस्त वस्तू अन् किती मेहनत वाचवते! व्हॅक्यूम नेहमीपेक्षा जास्त दाखवतो तर स्ट्रेनर चोक आहे, लेव्हल खाली गेली आहे किंवा फूट व्हॉल्व्ह (सक्शन पाइपच्या तळाचा) नीट उघडत नाही. व्हॅक्यूम बनतच नाही अन् पाणीही येत नाही, तर पंप हवा घेऊन राहिला किंवा प्रायमिंग (आत आधी भरून ठेवलेलं पाणी) सुटलं. हवेचं लीकेज बाहेरून दिसत नाही कारण पाणी टपकत नाही, हवा आत जाते, म्हणून चालू पंपावर सक्शनच्या फ्लँजला (पाइपच्या जोडाला) साबणाचा फेस लावा, जिथे फेस आत ओढला जातो तिथेच गॅस्केट गेलंय. ग्लँडमधूनही (शाफ्ट केसिंगबाहेर येतो तिथल्या पॅकिंगच्या जागेतूनही) हवा शिरते हे विसरू नका.

मग अँपिअर पाहा. पाणी कमी अन् अँपिअरही कमी, तर बहुतेक हवा, चोक किंवा कॅव्हिटेशन. अँपिअर जास्त असेल तर ग्लँड फार कसलाय, आत काही घासतंय किंवा समोर हेड (पाणी चढवायची उंची अन् पाइपचा अडथळा) कमी असल्याने पंप गरजेपेक्षा जास्त पाणी फेकतोय. मोटर रिवाइंड होऊन आली असेल तर फिरण्याची दिशा आधी तपासा, उलटा फिरला तरी सेंट्रिफ्युगल थोडंफार पाणी देतो अन् लोक तिथेच फसतात. तीनपैकी दोन फेज बदलल्या की झालं.

ग्लँड पॅकिंगमधून थेंब थेंब पाणी यायलाच पाहिजे, त्यानेच ते थंड राहतं, पूर्ण कोरडं केलं तर शाफ्टवरची स्लीव्ह जळून खाच पडते. बेअरिंग तापलं म्हणून ग्रीस ठासून भरू नका, जास्त ग्रीसनेही ते तापतं, हाउसिंगची अर्धी जागाही भरपूर झाली. तरी तापतंय तर कपलिंगचं अलाइनमेंट डायल गेजने पाहा.

स्ट्रेनर साफ करायचा तर आधी मोटरची सप्लाय बंद करून कुलूप अन् टॅग लावा. परत लावल्यावर केसिंग पाण्याने पूर्ण भरा, वरच्या कॉकमधून हवेचे फुगे थांबेपर्यंत वाट पाहा, डिलिव्हरी व्हॉल्व्ह बंद ठेवून पंप सुरू करा, प्रेशर आलं की लगेच हळूहळू उघडा, बंद व्हॉल्व्हवर पंप चालत राहिला तर आतलं पाणी तापून सील जातो.