व्हायब्रॅटो सुरात आला तो असा

गिटारवर ब्लूज या अमेरिकी संगीतशैलीचे लिक, म्हणजे छोट्या सुरावटी, पटापट पाठ होतात, पण शेवटचा स्वर लांबवला की तो नुसता थरथरतो आणि बेसूर लागतो. व्हायब्रॅटोचा, म्हणजे स्वराला हेलकावे देण्याचा, माझा हा त्रास मनगटाने सोडवला.

आता तर्जनीच्या मुळाची कड नेकच्या (गिटारच्या दांडीच्या) खालच्या बाजूला टेकवतो, अंगठा वरून आणतो आणि कुलपात किल्ली फिरवावी तसं मनगट फिरवतो. बोट फक्त तार धरून ठेवतं. तार वर ढकला नाहीतर खाली ओढा, स्वर चढतोच. म्हणून प्रत्येक हेलकाव्यानंतर मूळ स्वरावर परत येणं, यातच सगळा सूर आहे. ब्लूज गिटारवादक बी. बी. किंग (१९२५–२०१५) अंगठा नेकवरून सोडून पंजा हलवायचे. अप्रतिमच, पण सुरुवातीला टेकू असलेला बरा.

सराव दुसऱ्या तारेच्या दहाव्या फ्रेटवर (दांडीवरच्या पडद्यावर), म्हणजे ए या स्वरावर. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर, ठोक्याला एक हेलकावा, मग दोन, मग तीन. फोनवरच्या ट्यूनरचा काटा दर वेळी मध्यावर यायला हवा. १० ऐवजी ९ नंबरच्या, म्हणजे जरा बारीक तारा लावल्यावर बोटांचेही हाल कमी झाले.

पुण्यात ‘सवाई’ ऐकत वाढलेल्या कानाला दरबारीतला आंदोलित गंधार ओळखीचा असतो. ब्लूजमध्येही कोमल गंधार किंचित चढवतात, शुद्धाच्या अलीकडे थांबतात. ए मायनर पेंटाटोनिक या पाच स्वरांच्या मालिकेत तिसऱ्या तारेचा पाचवा फ्रेट घ्या आणि तो सी, म्हणजे इथला कोमल गंधार, थोडासाच ओढा. मी लिक आधी गाऊन बघतो. गाताना जिथे श्वास घेतो, तिथे गिटारही थांबवतो.