भुताखेतांच्या पार्टीतले गोड पदार्थ: या चुका टाळा

मुलांच्या भुताटकीच्या पार्टीसाठी केलेले पदार्थ फसतात, तेव्हा दोष हाताचा क्वचितच असतो. बहुतेक वेळा तो पाण्याचा असतो. चॉकलेटात पडलेला एक थेंब, फ्रीजमधून काढल्यावर धरलेलं दव, रसगुल्ल्यातून झिरपणारा पाक, हवेतला दमटपणा. भुताखेतांची सोंगं घेण्याचा पाश्चात्त्य सण हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला येतो. त्या सुमाराला मुंबई-कोकणात उकाडाही असतो आणि हवेत ओलही. म्हणून परदेशी व्हिडिओतली कृती इथे जशीच्या तशी केली की दगा देते. कृती सोपीच निवडा, पण ओल कुठून येणार याचा विचार आधी करा.

चॉकलेटची केळी-भुतं

वेलची केळी या कामाला अगदी नेमकी. अर्धं केळं म्हणजे एका लहान मुलाचा एक वाटा, आणि टोकाकडची गोलाई म्हणजे आयतंच भुताचं डोकं. १२ भुतांना ६ केळी आणि साधारण २०० ग्रॅम व्हाइट कंपाउंड चॉकलेट पुरतं. कंपाउंडच घ्या. त्यात कोको बटरऐवजी दुसरं वनस्पती-स्निग्ध असतं, त्यामुळे टेम्परिंगची, म्हणजे चॉकलेट ठरावीक तापमानांना गरम-थंड करत बसण्याची, कटकट नसते.

पहिली चूक होते ती वितळवताना. डबल बॉयलरमध्ये, म्हणजे पाण्याच्या पातेल्यावर दुसरं भांडं ठेवून वितळवताना, पाणी खळखळा उकळतं, वाफ भांड्याच्या कडेने आत शिरते आणि चॉकलेटचा एकदम रवाळ, घट्ट गोळा होतो. कारण असं की वितळलेल्या चॉकलेटमध्ये साखरेचे आणि दूध पावडरीचे कण स्निग्धात सुटे तरंगत असतात. पाण्याचा थेंब लागला की ते ओले होऊन एकमेकांना चिकटतात. म्हणून भांडं, चमचा, साचा सगळं कोरडं पुसून घ्या, वरच्या भांड्याचा तळ पाण्याला लागू देऊ नका आणि त्यावर झाकण ठेवू नका, झाकणाचं पाणी आतच पडतं. मायक्रोवेव्ह असेल तर अर्ध्या पॉवरवर ३०-३० सेकंद, दर वेळी बाहेर काढून ढवळायचं. थोडे तुकडे शिल्लक असतानाच थांबा, ते ढवळताना वितळतात. पांढरं चॉकलेट काळ्यापेक्षा लवकर जळतं. एकदा जळालं की पिवळट पडतं, खमंग नाही तर करपट लागतं, आणि त्यावर उपाय नाही.

मिश्रण जाड वाटलं की बरेच जण त्यात बटर घालतात. बटरमध्ये सुमारे सोळा टक्के पाणीच असतं, म्हणजे पुन्हा तोच घोळ. त्याऐवजी १०० ग्रॅमला एक छोटा चमचा वास नसलेलं तेल घाला. रंगाचंही तसंच. केकच्या आयसिंगला वापरतो ते जेल रंग पाण्यात केलेले असतात, चॉकलेटला तेलातले किंवा पावडरचे रंग लागतात. गोळा झालाच तर फेकू नका. गरम दूध किंवा क्रीम चमचा-चमचा घालत ढवळा, पुरेसं द्रव मिळालं की तो सुटून गुळगुळीत सॉस होतो. भुतं बुडवायला तो चालणार नाही, पुडिंगवर ओतायला मात्र उत्तम.

आता केळं. कापलेली बाजू ओलसर असते, तिथून चॉकलेट घसरतं. टिश्यूने टिपून घ्या, आइसक्रीमची काडी खोचा, बटर पेपरवर ठेवून अर्धा तास फ्रीझरमध्ये ठेवा आणि मग बुडवा. पूर्ण दगड होईपर्यंत गोठवू नका, कारण गोठलेल्या केळ्यावर चॉकलेट क्षणात आवळतं आणि मग तडकतं. वरचा थर धरला की साध्या फ्रीजमध्ये ठेवा आणि वाढेपर्यंत बाहेर काढू नका. काढल्यावर पाचच मिनिटांत त्यावर दव जमतं, आणि डोळे जेल रंगाने काढले असतील तर भूत रडल्यासारखं दिसतं. डोळे-तोंड वितळवलेल्या काळ्या चॉकलेटने, टूथपिकच्या टोकाने काढा. ते ओघळत नाही. डोक्यावर काळ्या चॉकलेटची एक बारीक काडी उभी चिकटवली की शेंडीवाला मुंज्या तयार होतो. मराठी घरातल्या मुलांना तो पटकन ओळखू येतो.

जेलीतले किडे

इथे सगळ्यात जास्त गल्लत जिलेटिन आणि चायना ग्रास यांच्यात होते. दोन्ही जेली करतात, पण स्वभाव वेगळे. चायना ग्रास (अगर-अगर) समुद्री शेवाळापासून येतं, जिलेटिन प्राण्यांपासून; तुमच्या पाहुण्यांत शाकाहारी मुलं असणारच, तेव्हा तयार जेली आणि मार्शमेलो घेताना पाकिटावरचा हिरवा ठिपका पाहा. जिलेटिनची जेली लवचिक असते, पण ऑक्टोबरच्या दुपारी टेबलावर ठेवली की ढासळू लागते. चायना ग्रासची जेली खोलीच्या तापमानालाच जमते आणि ८५ अंशांच्या आसपास पोहोचेपर्यंत वितळत नाही, म्हणून आपल्या हवेला तीच बरी. मात्र ती ठिसूळ असते. स्ट्रॉमध्ये ओतून लांबलचक गांडुळं करण्याची जी पद्धत आहे ती जिलेटिनसाठी आहे. चायना ग्रासने करायची तर किडे ५-६ सेंटीमीटरचेच ठेवा, आणि स्ट्रॉ ओढून न काढता कात्रीने उभा चिरून सोडवा.

प्रमाण: अर्धा लिटर द्रवाला ५ ग्रॅम चायना ग्रास पावडर. पावडर थंड पाण्यात कालवूनच गॅसवर ठेवा. उकळत्या पाण्यात टाकली तर गुठळ्या होतात आणि त्या आतून कोरड्या राहतात. उकळी आल्यावर दोन मिनिटं ढवळत उकळा. चमच्याच्या पाठीवर थेंब घेऊन उजेडात पाहा. कण दिसत असेल तर अजून उकळायचं, नाहीतर जेली अर्धवट जमते. लिंबाचा रस गॅस बंद केल्यावरच, कारण आंबटासोबत उकळल्याने चायना ग्रासची पकड सैल पडते. जिलेटिन वापरणार असाल तर ताजा अननस, पपई आणि किवी टाळा. त्यांच्यातली एन्झाइम्स जिलेटिनचं प्रथिन तोडतात आणि रात्रभर फ्रीजमध्ये ठेवूनही पातळ सरबतच हाती येतं. डब्यातला अननस चालतो, तो तापवलेला असतो.

थडग्याचे कप

तळाला चॉकलेट पुडिंग, वर बिस्किटांची माती, मधे खोचलेलं बिस्किटाचं थडगं. ८ छोट्या कपांना अर्धा लिटर दूध, ३ मोठे चमचे कॉर्नफ्लॉवर, ३ मोठे चमचे कोको, ६ मोठे चमचे साखर. कॉर्नफ्लॉवर आणि कोको थंड दुधात कालवा, बाकीचं दूध साखर घालून गरम करा, मग दोन्ही एकत्र करा. बुडबुडे यायला लागल्यावरही मिनिटभर ढवळत शिजवा. लवकर उतरवलेलं पुडिंग आधी दाट दिसतं आणि नंतर पाणी सोडतं. आणखी एक चूक कुणाच्या लक्षातही येत नाही: चव घेतलेला चमचा पुन्हा पातेल्यात घालणं. लाळेतलं अमायलेज हे एन्झाइम कॉर्नफ्लॉवरमधलं स्टार्च तोडतं आणि कोमट पुडिंग हळूहळू पातळ होत जातं. चवीसाठी वेगळा चमचा ठेवा.

माती म्हणजे बोरबॉन किंवा क्रीमच्या काळ्या बिस्किटांचा चुरा. क्रीम आधी खरवडून काढा, नाहीतर चुऱ्याचे लाडू होतात. चुरा वाढायच्या अर्धा तास आधीच घाला, त्याहून लवकर घातलात तर चिखल. थडग्यासाठी ग्लुकोजचं बिस्किट घ्या आणि जो भाग पुडिंगमध्ये जाणार तो वितळलेल्या चॉकलेटमध्ये बुडवून वाळवा. स्निग्धाच्या या थराने ओल वर चढत नाही आणि थडगं ताठ राहतं.

डोळे, जाळी, रंग

रसगुल्ल्याचे डोळे मुलांना फार आवडतात, पण अख्खा गोळा लहान मुलाच्या घशाला धोक्याचा. रसगुल्ला हलक्या हाताने दाबून पाक काढा, चाळणीवर दोन तास फ्रीजमध्ये निथळू द्या आणि अर्धा कापून सपाट बाजू खाली ठेवा. घरंगळतही नाही. बुबुळाला किवीची पातळ चकती, मधे काळी मनुका. लाल शिरा जेल रंगाने काढल्या तर दहा मिनिटांत सगळा डोळा गुलाबी होतो. घट्ट गाळलेला स्ट्रॉबेरी जॅम टूथपिकने, अगदी वाढायच्या वेळी लावा. पाच वर्षांखालची मुलं असतील तर द्राक्षं उभी चार भागांत कापा. पदार्थात टूथपिक ठेवू नका, पॉपकॉर्न आणि अख्खे दाणेही नकोत.

केकवरची कोळ्याची जाळी फिसकटते ती दोन थरांच्या तापमानातल्या फरकाने. गनाश (चॉकलेट आणि क्रीमचा खालचा थर) आणि वरचं पांढरं चॉकलेट दोन्ही सारखंच कोमट हवं, आणि केक फ्रीजमधून थेट काढलेला नको. पांढऱ्याची गोल-गोल वळणं काढली की दोन मिनिटांच्या आत मध्यापासून बाहेर टूथपिक ओढा, दर ओढीनंतर टोक पुसून घ्या. म्हातारीच्या केसांची जाळी दिसते सुंदर, पण दमट हवेत ती बघता बघता चिकट दोर होते. टेबलावर केक आल्यावरच पसरा.

मेरिंगची, म्हणजे अंड्याचा पांढरा भाग साखरेबरोबर फेटून भाजलेली, भुतं मुंबईत नकोत, हे आमचं स्पष्ट मत. साखर हवेतली ओल ओढून घेते. पुण्यात किंवा थंड कोरड्या देशात करायची तर २ अंड्यांच्या पांढऱ्याला ११० ग्रॅम साखर, ९० ते १०० अंशांवर दीड-दोन तास, ओव्हनमध्येच थंड करणं, आणि लगेच हवाबंद डबा.

काळं आयसिंग पांढऱ्या क्रीममधून करायला गेलात तर बाटलीभर रंग लागतो, चव कडवट होते आणि मुलांचे दात दोन तास काळे. आधी कोको घालून गडद तपकिरी करा, मग थोडाच काळा जेल रंग, आणि रात्रभर ठेवा. रंग आपोआप गडद होतो. ॲक्टिवेटेड चारकोल मुलांच्या खाण्यात घालू नका, तो पोटातली औषधंही शोषून घेतो.

ड्राय आइसचा धूर मुलांच्या पेल्यात नको म्हणजे नको. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो उणे ७८ अंशांचा असतो. मार्च २०२४ मध्ये गुरुग्रामच्या एका उपाहारगृहात मुखवास समजून तो तोंडात टाकणाऱ्यांच्या तोंडातून रक्त आलं आणि त्यांना रुग्णालयात न्यावं लागलं.

कामाची वाटणी अशी ठेवा: आदल्या रात्री काळं आयसिंग, पुडिंग आणि चॉकलेटमध्ये बुडवलेली थडगी, पुडिंगवर साय धरू नये म्हणून प्लास्टिक फिल्म पृष्ठभागाला टेकवून झाका. त्या दिवशी सकाळी जेली आणि रसगुल्ले निथळणं. केळी पार्टीच्या दोन तास आधी. माती, जॅम आणि जाळी शेवटच्या अर्ध्या तासात. भुतं मोजून करू नका, पाहुण्यांपेक्षा तीन-चार जास्त बुडवा, आणि त्यातली दोन बिनचेहऱ्याची ठेवा. उशिरा आलेल्या मुलाच्या हातात वितळलेलं काळं चॉकलेट भरलेला कागदी कोन द्या, तोंड त्यालाच काढू दे.