अनेक वर्षांनी पुन्हा खाऱ्या पाण्याची टाकी: काय ठेवायचं, काय फेकायचं, पाणी कधी भरायचं

माळ्यावरून माशांची जुनी टाकी खाली उतरली, की त्याच आठवड्यात पाणी भरायची घाई होते. काच आहे, दगड आहेत, पंप आहे, समुद्राचं पाणी बनवायचं अर्धी बादली मीठही उरलंय. पहिल्यांदा टाकी लावणारा घाबरत घाबरत, विचारत पुढे जातो. परत येणारा मात्र आठवणीवर विसंबून धावतो आणि तिथेच फसतो. इतकी वर्षं पडून राहिलेल्या वस्तू आता पहिल्यासारख्या नसतात, आणि दरम्यान पद्धतीही बऱ्याच बदलल्यात. खालचे आकडे ९० × ४५ × ५० सेंमीच्या, म्हणजे साधारण २०० लिटरच्या टाकीचे आहेत. तुमची टाकी लहानमोठी असेल तर त्या प्रमाणात बदला.

जुन्या सामानाची झडती

सुरुवात काचा जोडणाऱ्या सिलिकॉनपासून. आतल्या कोपऱ्यातल्या पट्टीवरून नख हलकेच फिरवा. रबरासारखी दबून परत वर येत असेल तर ठीक. कड पापुद्र्यासारखी सुटत असेल तर आतली पट्टी खरवडून नवी भरावी लागेल. मग टॉर्च लावून दोन काचांच्या मधला सांधा बाहेरून बघा. तिथे बुडबुडे किंवा पांढुरके पट्टे दिसले, तर नुसती आतली पट्टी बदलून भागत नाही. टाकी सुटी करून पुन्हा जोडावी लागते.

पाझर तपासायला टाकी सपाट जागी, सांडलं तरी चालेल अशा ठिकाणी ठेवा. खाली कोरडा कागद अंथरा आणि साधं पाणी तीन टप्प्यांत भरा, प्रत्येक टप्प्यानंतर काही तास थांबा. पूर्ण भरलेली टाकी किमान ४८ तास तशीच राहू द्या, आठवडाभर ठेवलीत तर आणखी बरं. काचेवरचे पांढरे क्षार व्हिनेगरने निघतात. साबण लावू नका.

हीटर फेकून द्या. चालतोय असं दिसलं तरी. जुन्या थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू ‘चालू’ अवस्थेत चिकटतात आणि रात्रीतून सगळी टाकी उकडून निघते. एका २०० वॉटच्या हीटरऐवजी १०० वॉटचे दोन घ्या: एक चिकटला तर पाणी हळू तापतं, एक बंद पडला तर दुसरा सांभाळून घेतो. पंप उघडून आतलं चुंबक बघा. फुगलेलं, तडकलेलं किंवा गंजाचा डाग असलेलं चुंबक पाण्यात सोडायचं नाही.

बादलीतलं मीठ दगडासारखं झालं असेल तर त्याचाही मोह सोडा. दमटपणामुळे त्यातलं कॅल्शियम आणि कार्बोनेट आपसात बांधलं जातं. मग मीठ विरघळवलं तरी पाणी गढूळ राहतं आणि क्षारता (पाण्यातल्या कार्बोनेटचं प्रमाण) कमी भरते. टेस्ट किटची मुदत संपलेली असणारच, ती नवी घ्या. खारटपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर मात्र जुना चालतो.

एक गोष्ट आठवून बघा: त्या टाकीत कधी तांब्याचं औषध घातलं होतं का? दगड आणि वाळू तांबं शोषतात आणि नंतर हळूहळू सोडत राहतात. माशांना ते कदाचित जाणवणार नाही, पण गोगलगायी, कोळंब्या आणि प्रवाळ मरतात. उत्तर ‘हो’ किंवा ‘आठवत नाही’ असेल, तर ते दगड आणि ती वाळू पुन्हा वापरू नका.

सुके दगड

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. पांढरा, कोरडा, स्वच्छ दिसणारा दगड आतून स्वच्छ नसतो. त्याच्या छिद्रांत मेलेले स्पंज, किडे आणि शेवाळ वाळून बसलेलं असतं, आणि दगडाने शोषलेलं फॉस्फेट पाण्यात पडताच सुटायला लागतं. मग सहा महिने हिरव्या केसाळ शेवाळाशी कुस्ती.

दगड उकळू नका. झोअँथिड जातीच्या काही प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचं जबर विष असतं. ते वाफेबरोबर हवेत येतं आणि श्वासातून गेलं तर माणूस गंभीर आजारी पडू शकतो. दगड वर्षानुवर्षं कोरडा पडलाय म्हणून ही जोखीम टळत नाही. ब्रशने घासायचा तरी आधी ओला करा, हातमोजे आणि चष्मा घाला.

सोपा मार्ग ब्लीचचा. दहा भाग पाण्यात एक भाग बिनवासाचं साधं ब्लीच, मोकळ्या हवेत, प्लॅस्टिकच्या पिंपात, आठवडाभर. अधूनमधून दगड उलटेपालटे करा. नंतर दोनतीन पाण्यांनी धुवा, क्लोरिन काढणारं द्रावण घातलेल्या पाण्यात एक दिवस ठेवा आणि वास पूर्ण जाईपर्यंत वाळवा. कोणी ॲसिडही सुचवेल. ते ब्लीचच्या जवळपाससुद्धा नको, दोन्ही एकत्र आले की विषारी क्लोरिन वायू सुटतो.

वाळलेले दगड झाकणाच्या पिंपात, खाऱ्या पाण्यात, अंधारात, पंप लावून ठेवा. दर आठवड्याला फॉस्फेट मोजा आणि वाढलं की पाणी बदला. पाणी बदलल्यावरही आकडा आठवडाभर ०.१ पीपीएमच्या (दहा लाखांत एक भाग म्हणजे एक पीपीएम) खाली राहिला, म्हणजे दगड तयार झाले.

जुनी वाळू धुऊन वापरण्यात अर्थ नाही. नवी ॲरागोनाइट वाळू आणा. ३ सेंमीच्या थराला साधारण १८ किलो लागते. टाकी लावताना दगड आधी, थेट तळावर टेकवून रचा, वाळू नंतर ओता. उलटं केलं तर वाळू उकरणारे मासे दगडाखालचा आधार काढून घेतात आणि रास काचेवर कोसळते.

जागा आणि वीज

पाणीच २०० किलो. काच, दगड आणि स्टँड धरून वजन ३०० किलोच्या पुढे जातं, त्यामुळे स्टँड लेव्हलमध्ये आहे का ते दोन्ही दिशांनी तपासा. प्रत्येक वायर सॉकेटकडे जाण्यापूर्वी खाली झोळ घेऊन वर जायला हवी, म्हणजे ओघळलेला थेंब झोळातून खाली पडेल, प्लगात शिरणार नाही. सगळी जोडणी ३० मिलीॲम्पिअरच्या आरसीसीबीवर (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचवर) हवी. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं.

खाली सम्प (पंप आणि फिल्टर ठेवायची दुसरी टाकी) असेल तर पाणी भरल्यावर मुद्दाम मेन स्विच बंद करा. वरचं पाणी परतीच्या पाइपातून उलटं खाली येईल. सम्प ओसंडायला लागला तर त्याची पातळी कमी ठेवा आणि परतीच्या पाइपाला पाण्याच्या पृष्ठभागालगत एक छोटं भोक पाडा. ते शेवाळाने बुजतं, महिन्यातून एकदा टोकरायचं.

पाणी

आरओ-डीआय फिल्टरचं (आरओनंतर उरलेले क्षारही काढणाऱ्या), टीडीएस म्हणजे विरघळलेले क्षार शून्य दाखवणारं पाणी घ्या. पाण्यात मीठ घालायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. लिटरला साधारण ३६ ते ३८ ग्रॅम, म्हणजे २०० लिटरला साडेसात किलोच्या आसपास. आधी सात किलो घाला, पंप चालू ठेवा, तापमान २५ अंशांवर आणा, मोजा आणि मग बाकीचं घाला. लक्ष्य ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट घनता १.०२६. रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या शुद्ध पाण्याने शून्यावर लावणं पुरेसं नाही, ३५ पीपीटीच्या प्रमाणित द्रावणाने जुळवा. शून्यावर बरोबर असलेलं यंत्र ३५ वर चुकू शकतं.

सायकल

सायकल म्हणजे विषारी अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू टाकीत वाढवणं. पूर्वी त्यासाठी दोन डॅमसेल (छोटे, काटक मासे) सोडून टाकी ‘पिकवत’. ती पद्धत विसरा. मासे अमोनियात होरपळतात, आणि त्यातून जगलेला डॅमसेल पुढे टाकीचा दादा होऊन बसतो. आता अमोनियम क्लोराइडचं द्रावण घालून अमोनिया २ पीपीएमवर नेतात आणि बाटलीतले जिवाणू ओततात. दिवे बंद, स्किमर (फेसातून घाण काढणारं यंत्र) आणि यूव्ही (जंतू मारणारा दिवा) पहिले काही दिवस बंद. अमोनिया उतरेल, नायट्राइट चढेल, मग तोही उतरेल. कोरड्या दगडांवर याला तीन ते सहा आठवडे लागतात. घाईने डोस वाढवू नका, अमोनिया ५ पीपीएमच्या वर गेला तर जिवाणूंचंच काम अडतं.

परीक्षा एकच: २ पीपीएम अमोनिया घातला आणि २४ तासांत अमोनिया, नायट्राइट दोन्ही शून्य. मग मोठं पाणी बदलून नायट्रेट खाली आणा.

दिवे लावले की आधी काचेवर तपकिरी धूळ बसेल, मग हिरवं येईल. हे होणारच. त्यावर औषध ओतू नका, गोगलगायी सोडा. नायट्रेट आणि फॉस्फेट शून्यावर नेण्याचा जुना हट्टही सोडा. दोन्ही संपली की डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्मजीव पसरतात: तपकिरी, शेंबडासारखे चिकट धागे, त्यात अडकलेले बुडबुडे, रात्री कमी होतात, दुपारी परत येतात. नायट्रेट ५ ते १० आणि फॉस्फेट ०.०३ ते ०.१ पीपीएम असं राहू द्या.

मासे

४०-५० लिटरची वेगळी टाकी हवी: स्पंज फिल्टर, हीटर, लपायला पीव्हीसीचे एल्बो, वाळू नाही. प्रत्येक नवा मासा चार आठवडे तिथे. खाऱ्या पाण्यातल्या पांढऱ्या ठिपक्यांचा रोग लोकांना फसवतो तो असा, की ठिपके आपोआप गळतात, मासा बरा वाटतो, आणि परजीवी वाळूत कोष करून बसलेला असतो. तो मुख्य टाकीत शिरला तर सगळे मासे बाहेर काढून ती ७६ दिवस माशांविना ठेवावी लागते. त्यापुढे चार आठवडे काहीच नाहीत.

लांबून आलेल्या माशाला पिशवी उघडल्यावर, तिच्यात टाकीचं पाणी थेंबथेंब सोडत, तासभर ठेवू नका. बंद पिशवीत साठलेल्या कार्बन डायऑक्साइडमुळे पीएच खाली असतो. पिशवी उघडताच वायू उडतो, पीएच चढतो आणि साठलेला अमोनिया विषारी रूपात येतो. विलगीकरणाच्या टाकीचा खारटपणा पिशवीएवढा आधीच करून ठेवा, बंद पिशवी १५-२० मिनिटं तरंगवा, उघडा आणि मासा लगेच जाळीने हलवा. पिशवीतलं पाणी फेका.

पहिली क्लाउनफिशची जोडी, मग महिन्याच्या अंतराने एकेक. २०० लिटरमध्ये टँग (पोहायला मोठी जागा लागणारा मासा) नको. मँडरिन मासा वर्षभर तरी नको. त्याला खायला पुरतील इतके कोपेपॉड (बारीक कवचधारी जीव) आधी टाकीत वाढायला हवेत.

रोजचं

पाणी उडतं, मीठ उडत नाही. रोज दोन लिटर उडालं आणि आठवडाभर भर घातली नाही, तर ३५ चा खारटपणा साडेसदतीसच्या वर जातो. भर नेहमी गोड्या आरओ-डीआय पाण्याची. स्वयंचलित टॉप-अप लावा, पण त्याची टाकी दहा लिटरचीच ठेवा, म्हणजे सेन्सर बिघडला तरी हानी मर्यादित राहील. दर आठवड्याला २० लिटर पाणी बदला, त्याला साधारण ७४० ग्रॅम मीठ लागतं.

प्रवाळ लावायचे तर आधी मऊ जाती. क्षारता ८ ते ९ डीकेएच (क्षारता मोजायचं एकक), कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. ही द्रव्यं ठरलेल्या मापाने सोडणारा डोसिंग पंप पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. दर दोन दिवसांनी त्याच वेळी क्षारता मोजून वहीत लिहा. पाणी बदलूनही आकडा सतत घसरायला लागला, म्हणजे प्रवाळ सांगाडा बांधायला लागलेत, आणि पंप किती मिलिलिटरवर लावायचा हेही त्याच वहीतून निघतं.