लिस्प शिकताना मी कुठे अडकलो

लिस्प ही प्रोग्रामिंगची भाषा शिकायला घेतली तेव्हा जो तो कंसांचा धाक घालायचा. कंसांची सवय मला दोन आठवड्यांत झाली. एडिटर ते जुळवून देतो, नजर इंडेंटेशनवर, म्हणजे ओळी किती आत सरकल्यात त्यावर, राहते. (+ २ ३), म्हणजे २ अधिक ३, हेही सरळ वाटू लागतं.

अडकलो ते त्याआधीच. कोणती लिस्प शिकायची? जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये सुरू केलेल्या या भाषेचं आज मोठं कुटुंब आहे: कॉमन लिस्प, स्कीम, रॅकेट, क्लोजर, ईमॅक्स लिस्प. एकीतला कोड सहसा दुसरीत चालत नाही, लायब्ररी, म्हणजे तयार कोडचे संच, त्याही वेगळ्या. पायथॉन शिकणाऱ्यापुढे हा प्रश्नच येत नाही. माझा पहिला महिना निव्वळ तुलना वाचण्यात गेला.

दुसरी अडचण लिस्पच्या ताकदीतूनच येते. इथे कोड म्हणजे याद्याच, त्यामुळे कोड लिहिणारा कोड, म्हणजे मॅक्रो, सहज लिहिता येतो. एका प्रकल्पात आधीच्या माणसाने डेटाबेससाठी पंधरा-वीस मॅक्रो रचले होते. सुंदर होते, पण तो सोडून गेला आणि लिस्प येत असूनही मला ते वाचता येईनात. एकेक मॅक्रो उलगडत तीन आठवडे गेले. निम्म्या ठिकाणी साधं फंक्शन पुरलं असतं. अशा वेळी व्यवस्थापक सहज माणसं मिळणारी भाषा निवडतो, हे मला पटतं. मग नोकऱ्या कमी, म्हणून शिकणारे कमी.

शिवाय गार्बेज कलेक्शन (नको असलेली मेमरी आपोआप मोकळी करणं), क्लोजर फंक्शन (आजूबाजूची व्हेरिएबल लक्षात ठेवणारं फंक्शन; क्लोजर भाषा वेगळी), आरईपीएल (ओळ लिहिली की लगेच उत्तर देणारी खिडकी) हे सगळं आता इतर भाषांतही मिळतं. भाषा बदलायला तेवढं कारण उरत नाही.

तरीही शिकाच. नोकरी डोळ्यांसमोर असेल तर २००७ ची क्लोजर घ्या, जावाच्या लायब्ररी आयत्या मिळतात. पाया पक्का करायचा असेल तर रॅकेट. सोबत डॉक्टररॅकेट हा एडिटर येतोच. कॉमन लिस्पसाठी बहुतेक जण एसबीसीएल हा कंपायलर, ईमॅक्स हा एडिटर, दोघांना जोडणारं स्लाइम आणि लायब्ररी आणून देणारं क्विकलिस्प असं चौघांचं बिऱ्हाड मांडतात, आणि ईमॅक्स हा स्वतंत्र अभ्यास आहे. पण ते एकदा बसलं की मुद्दाम चूक करून पाहा. प्रोग्राम कोसळत नाही, डीबगर पर्याय दाखवून थांबतो. फंक्शन दुरुस्त करा, पुन्हा कंपाइल करा आणि थांबलेलं काम तिथूनच पुढे न्या. मला हे पहिल्यांदा जमलं तेव्हा मी तीच चूक आणखी तीनदा करून पाहिली.