सीडी महाग की सिनेमाची डिस्क? हिशेब असा मांडा

माझ्या प्रत्येक सीडीच्या पुस्तिकेत, शेवटच्या पानावर, पेन्सिलीच्या बारीक रेघा आहेत. सीडी अथपासून इतिपर्यंत ऐकून झाली की एक रेघ. घरचे याला वेड म्हणतात. पण "गाण्यांवर एवढा खर्च? त्यापेक्षा सिनेमा बरा" असं कोणी म्हटलं की मी वाद घालत नाही, पुस्तिका उघडून पुढे करते.

पहिली गोष्ट, वेष्टनावरची मिनिटं मोजू नका. तिथे संगीत हरणारच. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीत एका बाजूला जेमतेम तीन-चार मिनिटं मावायची. 1948 मध्ये एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी तबकडी, आली आणि बाजूला वीसेक मिनिटं झाली. 1982 मध्ये सीडी आली ती 74 मिनिटांची जागा घेऊन, तरी दोन तासांचा सिनेमा पुढेच. शिवाय जागा आहे म्हणून भरतीची गाणी कोंबलेले अल्बम माझ्याकडे आहेत, रेघा सगळ्यात कमी त्यांच्यावरच. सगळ्यात जास्त, 61, आहेत त्या अल्बमची लांबी 38 मिनिटं.

म्हणून किमतीला भागायचं ते खरोखर ऐकलेल्या तासांनी. सोयीसाठी दोन्ही डिस्कची किंमत 100 धरा. दोन तासांचा सिनेमा दोनदा पाहिला, चार तास झाले, तासाला 25 पडले. 40 मिनिटांचा अल्बम 30 वेळा ऐकला तर 20 तास, म्हणजे तासाला 5. आता खरं बोलू. माझ्याकडचे सगळे अल्बम 30 वेळा ऐकलेले नाहीत. बऱ्याच पुस्तिकांत नऊ-दहाच रेघा आहेत. नऊ धरले तर सहा तास होतात आणि तासाला साधारण 17 पडतात. तरीही सिनेमापेक्षा स्वस्तच.

इथे माझी बहीण मला पकडते. "कपडे वाळत घालताना ऐकलेलं तू पूर्ण धरतेस?" बरोबर आहे तिचं. अर्धं लक्ष तर अर्धा तास धरा. मग तोच अल्बम 33 वर जातो आणि सिनेमा जिंकतो. पण हाच नियम हातात फोन घेऊन पाहिलेल्या सिनेमालाही लावा, एवढंच माझं म्हणणं.

व्हिडिओ गेम या हिशेबात 30 वेळा ऐकलेल्या अल्बमची बरोबरी करतो. किंमत तिप्पट धरली, तरी 60 तास खेळलात तर तासाला 5. मात्र त्यात यंत्राची किंमत मिळवायला विसरू नका. रेकॉर्ड ऐकणाऱ्यांनी सुईचीही मिळवावी. हिऱ्याची सुई साधारण 500 ते 1000 तासांत बदलावी लागते.

किंमत पाहून चिडण्याआधी एक लक्षात घ्या. सिनेमा बहुतेक वेळा थिएटरात कमावून मगच डिस्कवर येतो, म्हणून ती डिस्क स्वस्त विकणं परवडतं. अल्बमला तशी आधीची खिडकी नसते. अर्थात कंपन्याही साव नव्हत्या. 2000 साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, पाच मोठ्या संगीत कंपन्यांना, दुकानांनी सीडीची जाहिरात ठराविक किमतीखाली करू नये म्हणून घातलेल्या अटी थांबवायला लावल्या.

महिन्याचं सबस्क्रिप्शन असेल तर भागाकार वेगळा. महिनाभरात तुम्ही नेमके किती वेगवेगळे अल्बम पूर्ण ऐकलेत, ते लिहून काढा. मी लिहिले तेव्हा सात निघाले, त्यातले पाच माझ्या कपाटात आधीच होते! म्हणजे मी माझंच संगीत भाड्याने घेत होते. यादीत पंधरा-वीस नवे निघाले तर सबस्क्रिप्शन ठेवा, त्याहून स्वस्त काही नाही. तेच ते पाच-सहा निघाले तर विकत घ्या. पैसे भरणं थांबलं तरी ते कपाटातून जात नाहीत.

घ्यायचं की नाही हे ठरत नसेल तर तीन वेगळ्या दिवशी तीनदा ऐका. चौथ्यांदा आपणहून हात गेला तरच पैसे काढा.

आणि रेघा पेन्सिलीनेच मारा. पेनाची शाई पुढच्या पानावर उमटते, आणि जुनी सीडी विकायला काढली की घेणारा तेवढ्यावरून भाव पाडतो.