व्हॅक्यूम ब्रेक शिकताना : लागलेला ब्रेक टिकतो का?

रेल्वेच्या जुन्या प्रवासी डब्यांच्या देखभालीत नवी मुलं येतात तेव्हा त्यांचा जीव सागवानी पॅनेलवर आणि पितळी कड्यांवर जडतो. जडावाच, इतकं ते काम देखणं असतं. पण मी त्यांना सांगतो, आधी डब्याखाली जा. रंग उडालेला डबा चालवता येतो. ब्रेकची खात्री नसलेला डबा यार्डातही हलवू नये.

व्हॅक्यूम ब्रेकमध्ये इंजिन हवा भरत नाही, काढून घेतं. वाफेच्या इंजिनावरचा इजेक्टर किंवा डिझेलवरचा एक्झॉस्टर गाडीभर गेलेल्या नळीतली हवा ओढतो. गेजवर साधारण 20 इंच (पाऱ्याच्या मापात) व्हॅक्यूम दिसतं, तेव्हा सिलिंडरमध्ये पिस्टनच्या वर आणि खाली सारखीच पोकळी असते. पिस्टन आपल्या वजनानं खाली बसलेला असतो आणि ब्रेक सुटलेले असतात. ड्रायव्हरनं नळीत हवा सोडली की ती पिस्टनखाली शिरते. वरच्या कप्प्यात जायची वाट मात्र बॉल व्हॉल्व्ह अडवतो. मग पिस्टन वर उचलला जातो, दांडे ओढले जातात आणि ब्रेक ब्लॉक चाकांना भिडतात. 24 इंच व्यासाचा पिस्टन धरला तर क्षेत्रफळ सुमारे 452 चौरस इंच, आणि दर चौरस इंचाला जवळपास 10 पौंड दाब. म्हणजे दोन टनांचा जोर नुसत्या बाहेरच्या हवेचा! हा हिशेब एकदा स्वतः वहीत मांडा. एअर ब्रेकच्या नळीत दर चौरस सेंटिमीटरला 5 किलो दाब असतो, म्हणून त्याचे सिलिंडर लहान असतात, हेही त्यातूनच उमगेल.

साखळी ओढल्यावर गाडी का थांबते, तेही इथेच कळतं. डब्याच्या टोकाची झडप उघडते, हवा आत घुसते आणि ब्रेक लागू लागतात. दोन डब्यांमधला होज (लवचीक जोडनळी) तुटला तरी हेच होतं.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ब्रेक लागला म्हणून समाधान मानू नका, तो टिकतो का ते पाहा. वरच्या कप्प्यातली पोकळी जपली गेली तरच पिस्टन वर राहतो. पिस्टनभोवतीची रबरी रोलिंग रिंग झिजली असेल किंवा बॉल व्हॉल्व्हखाली कचरा अडकला असेल, तर हवा हळूहळू वर झिरपते, दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो आणि ब्रेक कुणी हात न लावता सुटतो. इंजिनावरच्या गेजवर यातलं काहीही दिसत नाही. म्हणून ब्रेक लावून पिस्टन रॉडवर खडूनं खूण करा, घड्याळ लावा आणि खूण सरकते का ते बघत बसा. किती वेळ टिकायला हवा, ते त्या डब्याच्या देखभाल पुस्तिकेतून घ्या, कुणाच्या अंदाजावरून नको.

उभ्या डब्याला व्हॅक्यूमच्या भरवशावर कधीही सोडू नये, तेही याच कारणानं. हातब्रेक आणि चाकांना ठोकळे हवेतच. आयर्लंडमध्ये आर्माजवळ 12 जून 1889 रोजी सहलीची गाडी चढावर अडकली. तिचा व्हॅक्यूम ब्रेक साधा होता, स्वयंचलित नव्हता : हवा काढली की लागायचा, नळी तुटली की सुटायचा. गाडीचे दोन भाग केल्यावर मागच्या डब्यांना आधार उरला तो हातब्रेकचा आणि चाकांखाली लावलेल्या दगडांचा. पुढचा भाग किंचित मागे येऊन धडकला, दगड चुरडले आणि माणसांनी भरलेले डबे उतारावरून मागून येणाऱ्या गाडीवर जाऊन आदळले. सुमारे 80 जण गेले, त्यांत कितीतरी मुलं होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये प्रवासी गाड्यांना सलग, स्वयंचलित ब्रेक सक्तीचा करणारा कायदा झाला. सिलिंडर उघडताना मला ही माणसं आठवतात, आणि तुम्हालाही आठवावीत असं वाटतं.

रोलिंग रिंग बसवणं हे हाताचं कौशल्य आहे, ते जुन्या फिटरच्या शेजारी उभं राहूनच शिकावं. ही गोल काटछेदाची रबरी रिंग पिस्टन आणि सिलिंडर यांच्यामध्ये लोळत वर-खाली जाते. बसवताना पीळ पडला तर ती एका बाजूला चढते आणि गळती सुरू होते. रबरावरची साच्याची रेघ सगळीकडे सरळ आहे ना, ते बोट फिरवून पाहा. खनिज तेल किंवा ग्रीस रबराला लागता कामा नये.

गळती शोधायला आधी कान वापरा. यार्ड शांत असताना नळीच्या कडेनं चाला, बारीक सूं आवाज ऐकू येतो. व्हॅक्यूम चढतच नसेल तर शेवटच्या डब्याचा होज डमीवर (त्याचं तोंड बंद ठेवणाऱ्या बुचावर) नीट बसलाय का, ते सर्वांत आधी बघा.

आणि दांड्यांमध्ये हात घालण्यापूर्वी चाकांना ठोकळे लावा, मग रिलीज व्हॉल्व्हची तार ओढून वरची पोकळी घालवा. वर अडकलेला पिस्टन खाली येताना सगळे दांडे हलवतो. तार ओढल्यावर पिस्टन पूर्ण खाली बसला हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ब्लॉकची पिन काढू नका.